रुग्ण तपासत असतानाच टी पेशींवर संशोधन करता येते का?

तुम्ही सोलापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या प्रतिकारपेशींचा एक प्रकार) कशा घडतात व कशा सक्रिय होतात, यावर डॉक्टरकी न सोडता आयुष्यभर संशोधन करता येईल का, असे विचारले आहे. मी याच गावात शिकलेला बालरोगतज्ज्ञ असून माझा निम्मा आठवडा प्रयोगशाळेत जातो. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र वॉर्ड सुटला की या कामातला जीवच जातो.

सॅन फ्रान्सिस्कोचे आर्थर वाइस हे मूळचे संधिवाततज्ज्ञ. टी पेशीला बाहेरून मिळालेला संदेश आत पोचवणारे झॅप-७० हे प्रथिन त्यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये उजेडात आणले, आणि ते जन्मतःच नसलेल्या बालकांची वर्णने १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बालकांच्या रक्तात सीडी८ (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) जवळजवळ नव्हत्या, तर सीडी४ (इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या टी पेशी) संख्येने पुरेशा असूनही ढिम्म होत्या. म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी घडताना आणि घडलेली पेशी कामाला लागताना, दोन्ही वेळी हेच प्रथिन लागते.

आता वॉर्डात या. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या चार महिन्यांच्या बाळाच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी ८,००० आणि त्यांतल्या लिम्फोसाइट (ज्यांत टी पेशी मोडतात) १५ टक्के, म्हणजे १,२०० दिसल्या, तर मोठ्या माणसात खपून जाणारा हा आकडा तान्ह्या बाळात धोक्याचा असतो; ३,००० च्या खाली गेला की जन्मजात प्रतिकारदौर्बल्याची शंका घ्यायलाच हवी. एक्स-रेत थायमसची सावली आहे का, बीसीजीची जागा चिघळली आहे का, डाव्या काखेत गाठ आहे का, हेही तेव्हाच पाहावे. झॅप-७० नसलेल्या बाळात मात्र लिम्फोसाइटची एकूण संख्या नॉर्मल असू शकते, आणि सीबीसी आपल्याला गाफील ठेवते. तेथे प्रत्येक प्रकारच्या पेशी वेगळ्या मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या तपासणीला पर्याय नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतले ताजे रक्त, बर्फात न घालता, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परळला केईएमच्या आवारातील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पाठवता येते.

झॅप-७० नसण्याचा हा आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. आपल्या भागात मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने अजून होतात, त्यामुळे घराण्यात दगावलेल्या तान्ह्या बाळांची चौकशी हा संशोधनाचाच भाग ठरतो. (ती आजीकडे करावी, आईला सगळे ठाऊक असतेच असे नाही.)

पुढचा मार्ग म्हणजे बालरोग किंवा मेडिसिनमध्ये एमडी, आणि त्यानंतर लखनौच्या एसजीपीजीआयसारख्या संस्थेत क्लिनिकल इम्युनॉलॉजीचे (प्रतिकारशक्तीच्या आजारांचे) डीएम, म्हणजे एमडीनंतरची विशेष पदवी, किंवा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी पीएचडी. पेशी ढिम्म का राहते हाच तुमचा प्रश्न असेल, तर माझा कौल पीएचडीला आहे. बरोबरीचे मित्र स्वतःचे हॉस्पिटल बांधत असतील तेव्हा तुम्ही फेलोशिपवर असाल, आणि ‘दवाखाना कधी टाकणार?’ हे घरून ऐकावे लागेल, एवढे धरून चाला.

सुरुवातीला आयसीएमआरच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी-संशोधन योजनेसाठी अर्ज करा. वारंवार संसर्ग होऊन बालरोग विभागात दाखल झालेल्या बाळांचे लिम्फोसाइटचे आकडे वयानुसार ताडून पाहणे, असा विषय घेतलात तर यंत्रसामग्री लागणार नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रेकॉर्ड रूमची परवानगी पुरेल.