कोथिंबिरीचे पाणी आणि मूत्रपिंडे

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून ते वॉरफरिन ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी गोळी घेतात. कोथिंबिरीची जुडी उकळून ते पाणी सकाळी उपाशीपोटी घेतल्याने मूत्रपिंडे साफ होतात, असा संदेश त्यांना कोणीतरी पाठवला. आठवडाभरापासून ते हे पाणी पीत आहेत आणि उकळण्याऐवजी कधी अख्खी जुडी कच्चीच वाटून तिचा रस गाळ न काढता घेत आहेत. हे चालू ठेवावे का?

उत्तर : वडील वॉरफरिन घेतात हे तुम्ही आवर्जून लिहिले हे फार बरे झाले, कारण या प्रश्नातली खरी काळजीची गोष्ट तीच आहे. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि ते कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. शरीर वापरलेले के जीवनसत्त्व पुन्हा उपयोगात आणते, आणि वॉरफरिन नेमकी हीच क्रिया अडवते. १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते, तर प्रौढ माणसाची रोजची गरज ९० ते १२० मायक्रोग्रॅम इतकीच धरली जाते. मोठी जुडी वाटून घेतली की गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि बदललेल्या झडपेवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे नुसत्या उकळलेल्या पाण्यात ते फारसे उतरत नाही. चिंता आहे ती वाटलेल्या पानांची.

मात्र आज वाचले आणि उद्यापासून सगळे बंद केले, असेही करू नका. आठवडाभर भरपूर पाने पोटात गेल्यानंतर ती एकदम थांबवली, तर गोळीचा परिणाम उलट दिशेने वाढू शकतो. आजच त्यांच्या डॉक्टरांना हा सगळा प्रकार सांगा, आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या आणि पुढचे त्यांच्या सल्ल्याने ठरवा. गोळीची मात्रा घरी बदलू नका. जेवणावर घातलेली चिमूटभर कोथिंबीर सोडण्याची गरज सहसा पडत नाही. के जीवनसत्त्वाचे प्रमाण रोज साधारण सारखे राहणे महत्त्वाचे असते.

आता मूत्रपिंडांविषयी. ती गाळ साचणारी नळी नव्हेत. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, ज्यातला बहुतेक भाग रक्तात परत जातो. हे काम निरोगी मूत्रपिंडे स्वतःच अखंड करत असतात; त्यांना धुऊन काढणारे कोणतेही पान नाही. असे पाणी प्यायल्यावर लघवी जास्त होते आणि माणसाला वाटते की काहीतरी बाहेर पडले, परंतु उपाशीपोटी दोन पेले साधे पाणी प्यायले तरी तेच घडते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्यांच्यासाठी तर हा उपाय अपायकारक ठरू शकतो. १०० ग्रॅम पानांत ५०० मिलिग्रॅमहून थोडे जास्त पोटॅशियम असते, उकळताना त्यातले बरेचसे पाण्यात उतरते, आणि ते बाहेर टाकणे आजारी मूत्रपिंडांना जमत नाही. म्हणजे हा संदेश ज्यांना सर्वांत आशेचा वाटतो, त्यांनीच त्यापासून दूर राहायला हवे. असे संदेश वडीलधाऱ्यांपर्यंत इतक्या सहज पोचतात याची मला मनापासून काळजी वाटते.

प्रश्न : मग रोजच्या स्वयंपाकातल्या कोथिंबिरीचा काहीच उपयोग नाही का? तिने रक्त वाढते असे ऐकले आहे.

उत्तर : उपयोग आहे, पण तो अन्न म्हणून. १०० ग्रॅम पानांत जवळजवळ ९२ ग्रॅम पाणी, २३ कॅलरी, सुमारे २७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि भरपूर बीटा-कॅरोटीन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. लोह मात्र पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि आपण एका वेळी फार तर दहा ग्रॅम पाने खातो; तेवढ्याने रक्तक्षय भरून येणार नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर तपासणी करून उपचार घ्यावेत. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून पाने शेवटी, आच बंद केल्यावर घालावीत. बीटा-कॅरोटीन शोषले जाण्यासाठी जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ असावा, जो बहुधा असतोच. पाने कच्ची खायची असल्याने देठ सुटे करून वाहत्या पाण्यात धुणे टाळू नये, कारण मातीबरोबर येणारे जंतू त्यांना चिकटून राहतात.

मला तिचा आणखी एक उपयोग मोठा वाटतो. रक्तदाबामुळे मीठ कमी करावे लागलेल्या माणसाला जेवण बेचव लागते, आणि अशा वेळी हिरव्या पानांचा ताजा वास अन्नाची गोडी टिकवतो. मीठ कमी ठेवण्याचा नेम त्यामुळे सोपा होतो.

प्रश्न : माझ्या मुलीला कोथिंबीर साबणासारखी लागते. तिला सवय लावावी का?

उत्तर : ती हट्ट करत नाही. पानांच्या वासात आल्डिहाइड गटातली संयुगे असतात आणि तशीच संयुगे साबणातही आढळतात. ती ओळखणाऱ्या वासग्राहकाच्या जनुकातील फरकाशी ही नावड जोडलेली असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, जरी सगळे कारण जनुकात नसले तरी. सक्ती करू नका. धन्यांचा वास मुख्यतः लिनालूल या वेगळ्या संयुगाचा असल्याने ते तिला कदाचित आवडतील, आणि पानांतली पोषकद्रव्ये इतर हिरव्या पालेभाज्यांतून सहज मिळतात.