उद्ध्वस्त, जीर्ण की पडकं?

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार उबेर रोबेर (टॅक्सीशी संबंध नाही, उच्चारच तसा आहे) याच्या निसर्गचित्रांखाली मराठी ओळी लिहायच्या आहेत. त्यातल्या मोडक्या रोमन इमारतींना ‘उद्ध्वस्त वास्तू’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

मी म्हणणार नाही. (आणि म्हणायचंच असेल तर ‘द्ध्व’ सांभाळा, ‘उध्वस्त’ नको.) ध्वंस म्हटला की करणारा आला. सैन्य, भूकंप, बुलडोझर, कोणीतरी येतं आणि एका दिवसात कारभार आटोपतो. रोबेर १७५४ ते १७६५ रोममध्ये होता. त्याच्यासमोरचा प्राचीन फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, असा एका दिवसात पडलेला नव्हता. संगमरवर लोकांनी उपसून नेला, चुन्याच्या भट्ट्यांत भाजला. उरलेलं शतकानुशतकांच्या मातीत आणि राडारोड्यात बुडालं. खांब अर्धेमुर्धे वर, मधे गुरं. रोमकर त्या जागेला ‘काम्पो व्हाच्चिनो’ म्हणत, म्हणजे गाईंचं रान. आपलं गायरानच की! क्लोद लोरँनं आधीच्या शतकात काढलेलं याच नावाचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. रोबेरकडे तर पडक्या कमानीखाली बायका धुणं धुताना दिसतात, कपडे वाळत घालताना दिसतात. इथे ‘उद्ध्वस्त’ लिहिलं की ते धुणंच खोटं वाटायला लागतं.

‘जीर्ण’ जास्त जवळचा. त्याच्या ‘जॄ’ धातूला झिजणं आणि पचणं असे दोन्ही अर्थ आहेत. न पचलं तर ‘अजीर्ण’ होतं ते त्यामुळेच. म्हणजे जीर्ण वास्तू ही काळानं पचवत आणलेली वास्तू. पण एक अडचण आहे. जीर्ण वाड्यात अजून भाडेकरू असतो. छप्पर गेलं की तो ‘पडका’ होतो. (‘पडीक’ नव्हे, पडीक ते रान.) ‘खंडहर’ हिंदीतला, आणि आपलं ‘खिंडार’ भिंतीला पडतं. ‘बेचिराख’चा मोह होईल, पण त्यातली राख आपण मागून ऐकली, मूळ फारसी ‘बे-चिराग’, जिथे दिवा लागत नाही असं ओस गाव. रोबेरच्या चित्रात माणसं राहतात, चूल पेटते, तेव्हा तोही बाद.

म्हणून विशेषण ‘पडका’ आणि चित्रप्रकाराला नाव हवं असेल तर ‘भग्नावशेषांची चित्रं’. जरा पुस्तकी आहे, पण नेमकं आहे.

एका चित्राशी मात्र हे सगळे शब्द अडतात. १७९६ मध्ये रोबेरनं लूव्रचं मोठं दालन छत कोसळलेलं, गवत उगवलेलं असं रंगवलं. संग्रहालय उघडून तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि रोबेर स्वतः त्याच्या व्यवस्थापकांपैकी एक होता. त्या पडक्या दालनात एक चित्रकार बसून अपोलोच्या पुतळ्याचं रेखाटन करतोय. ‘भग्न’, ‘जीर्ण’, ‘पडका’, सगळी झालेल्या गोष्टीची विशेषणं. इथे अजून काहीच झालेलं नाही. तिथे मी ‘पडझड’ घेईन. त्यात पानं झडतात तसलं ‘झडणं’ आहे आणि कोणावर आळही येत नाही. ओळ अशी : ‘लूव्रचं मोठं दालन, पडझडीनंतर (काल्पनिक)’. कंसातला शब्द गाळू नका, नाहीतर पॅरिसला जाऊन आलेले लोक भांडायला येतील.