पावसाळी ट्रेकसाठी कॅमेरा बॅग कोणती घ्यावी?
हरिश्चंद्रगडासारख्या ट्रेकला पाठीवरचीच सॅक घ्या. एका खांद्यावरची बॅग कातळावर हात टेकताना पुढे झुलते आणि तोल जातो. कमरेचा पट्टा हवाच. चेन पाठीच्या बाजूने उघडणारी बघा, म्हणजे सॅक चिखलात आडवी ठेवली तरी पाठीला टेकणारा भाग स्वच्छ राहतो.

रेनकव्हरवर मात्र भिस्त ठेवू नका. पाणी मानेवरून ओघळून पाठीकडून आत शिरतं. माझी लेन्स अशीच भिजली. तेव्हापासून कॅमेरा आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. घरी आल्याआल्या सगळं बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, ओल्या बॅगेत राहिलं की लेन्सला बुरशी धरते. आणि दुकानात स्वतःचा कॅमेरा, लेन्स भरूनच सॅक पाठीला लावून बघा.