डॉल्फिनची शीळ आणि मिलचा भोंगा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हर्णैला गेलो होतो. बोटवाल्या मामांनी तोंडाने शीळ घातली आणि म्हणाले, "बघा, आता येतील." खरंच चार-पाच डॉल्फिन आले. ते शीळ ऐकून आले का? डॉल्फिनना नावं असतात असं माझी मुलगी म्हणते, तेही खरं का? (विजापूर रोडवरील एक वाचक)

मामांच्या शिळेने ते आले नसावेत. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, बहुतेक सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. मामांना ठाऊक होतं ते वेगळंच. कोणत्या वेळी, खाडीच्या तोंडाशी कुठे मासा गोळा होतो आणि त्यामागे डॉल्फिन कुठून येतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते ज्ञान शिळेपेक्षा मोठं आहे.

तुमच्या मुलीचं मात्र बरोबर आहे. मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने १९६५ मध्ये पहिल्यांदा मांडलं की प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची अशी एक वेगळी शीळ असते. मला हे वाचताना आमची आजी आठवते. आमच्या लहानपणी सोलापुरात घड्याळ बघायचं कारण नसायचं, मिलचे भोंगे होते. आजी स्वयंपाकघरात बसून भोंगा कुठल्या मिलचा ते सांगायची. आम्हाला सगळे सारखेच वाटत, तिला एकेकाचा सूर ओळखू यायचा. डॉल्फिनची शीळ तशीच असते. वर-खाली जाणारी तिची चाल ठरलेली असते आणि ती ऐकली की कळपाला कळतं, अमुक एक इथे आहे.

फरक एवढाच की भोंगा मालकाने बसवलेला असतो. डॉल्फिनचं पिल्लू आपली शीळ साधारण पहिल्या वर्षात स्वतः घडवतं. ते भोवतालचे आवाज ऐकतं, त्यातली एखादी चाल उचलतं, बदलतं आणि आपली करतं. ज्यांच्याशी रोजचा सहवास नाही अशा लांबच्या कुणाची चाल ते घेतं, असंही काही पिल्लांत आढळलं आहे. विचार केला तर यात शहाणपण दिसतं. घरातल्या सगळ्यांचीच शीळ सारखी झाली तर हाक कुणाला मारली ते कळणार कसं?

या शिळेला नाव म्हणावं का, यावर बराच वाद झाला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी समुद्रातल्या मोकळ्या डॉल्फिनना त्यांच्याच शिळेची नक्कल ऐकवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं निरीक्षण असं की स्वतःची शीळ ऐकली की तो डॉल्फिन उलट शीळ घालतो, आणि दुसऱ्याची ऐकवली तर तसा प्रतिसाद मिळत नाही. म्हणजे कुणी हाक मारली की आपण "ओ" देतो, तसंच.

त्याच वर्षी जेसन ब्रक यांचं काम आलं. ते मला आजही सर्वांत हलवून टाकतं. अ‍ॅली आणि बेली या दोन माद्या कधीकाळी एकाच ठिकाणी राहत होत्या, नंतर त्यांची ताटातूट झाली. वीस वर्षं सहा महिन्यांनी बेलीला अ‍ॅलीच्या शिळेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, आणि तिने ती ओळखली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा बहुतेक अभ्यास बॉटलनोज या जातीवर झाला आहे. हर्णैच्या किनाऱ्यालगत तुम्ही पाहिलेले डॉल्फिन बहुधा हम्पबॅक जातीचे असतील, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख असलेले. कोकणच्या उथळ पाण्यात हेच जास्त दिसतात.

प्रश्न : डॉल्फिन तोंड न उघडता पाण्याखाली आवाज कसा काढतो? त्याच्या नाकात पाणी जात नाही का? (सातवीतील विद्यार्थिनी, पंढरपूर)

बाळ, प्रश्न फार छान विचारलास. डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं आणि पाण्याखाली तो ते घट्ट मिटून घेतो. त्या नाकपुडीच्या खाली, आतल्या नळीत ओठांसारख्या दोन घड्या असतात. त्यांच्यामधून हवा दाबून नेली की त्या थरथरतात आणि आवाज होतो. फुगा फुगवून त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडलीस की तो कसा किंचाळतो, करून बघ. डॉल्फिन ती हवा बाहेर न सोडता आतल्या पिशव्यांत साठवतो आणि पुन्हा वापरतो. म्हणून बुडबुडे न सोडताही तो बोलू शकतो.

त्याचे आवाज मुख्यतः दोन प्रकारचे. शिळा एकमेकांसाठी असतात. दुसरे 'क्लिक', टकटक असे अगदी छोटे आवाज, ते बघण्यासाठी. हो, बघण्यासाठीच! कपाळात चरबीचा एक गोळा असतो. टॉर्चची काच जसा उजेड एका दिशेला पाडते तसा तो गोळा क्लिकचा झोत पुढे पाडतो. समोरच्या माशावर आपटून आवाज परत येतो आणि तो डॉल्फिन मुख्यतः खालच्या जबड्याने पकडतो. जबड्यातल्या चरबीतून तो आतल्या कानापर्यंत पोचतो. मासा किती लांब आहे आणि केवढा आहे, हे सगळं त्याला त्या प्रतिध्वनीतून कळतं. आपल्याला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, डॉल्फिनचे क्लिक लाखाच्या वर जातात.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. याची गंमत तुला अनुभवता येईल. पोहायला शिकत असशील तर बाबांना पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायला सांग आणि तू बुडी मार. टक् आवाज अगदी कानाशी येईल, पण तो डावीकडून आला की उजवीकडून, हे तुला सांगता येणार नाही. आपले कान हवेसाठी घडलेले आहेत. डॉल्फिनला ते बिनचूक कळतं. (एकटीने विहिरीत किंवा नदीत उतरायचं नाही, मोठं माणूस सोबत हवंच.)

प्रश्न : मी शिक्षिका आहे. डॉल्फिनची पिल्लं उपजतच सगळं जाणतात की शिकतात? शिकत असतील तर त्यांना कोण शिकवतं? (अशोक चौक परिसर)

पोहणं आणि श्वासाला वर येणं जन्मापासून जमतं. बाकीचं पुष्कळसं शिकावं लागतं, आणि पहिली शाळा आईची. पिल्लू तीन ते सहा वर्षं आईबरोबर राहतं. एवढा लांब सहवास उगाच नसतो.

फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीत १९७० पासून डॉल्फिनच्या पिढ्यांमागून पिढ्यांचा अभ्यास चालू आहे. तिथल्या १९ माद्यांची वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणं लायला सायीघ आणि सहकाऱ्यांनी तपासली. पिल्लू जवळ असलं की आईची शीळ आणखी उंच पट्टीत जाते, असं त्यांना दिसलं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे बाळाशी "अले अले, कोण आलं" असं बोलताना आवाज आपोआप चढतो ना? मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सोलापुरातल्या कुठल्याही घरात जा, बाळापुढे सगळ्यांचा सूर एकच होतो.

आता ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्क बेमध्ये या. तिथले काही डॉल्फिन समुद्रतळाचा स्पंज उपटून चोचीवर टोपीसारखा चढवतात आणि त्याने तळ उकरतात. वाळूत खडे आणि टोकदार शिंपले असतात, त्यापासून चोच वाचते. शिवाय तिथे दडलेल्या काही माशांच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे क्लिकचा प्रतिध्वनी नीट येत नाही. प्रतिध्वनीने सापडत नाही ते उकरून काढायचं. ही रीत माद्यांकडून त्यांच्या पिल्लांकडे जाते. त्यातही मुली ती जास्त उचलतात, मुलगे कमी.

तुमच्या वर्गात विडी कामगारांच्या मुली असतील. आईशेजारी बसून, सुपातलं पान हातात घेऊन, कुणी मुद्दाम धडा न देता त्यांची बोटं वळायला लागतात. त्या मुलींच्या हाती पुस्तकच असावं, हे तुम्ही-आम्ही मनापासून मानतो. पण नजरेतून हात कसा शिकतो हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगेल? स्पंजवाल्या मादीचं पिल्लूही असंच जवळून बघत राहतं.

सगळंच आईकडून येतं असंही नाही. त्याच शार्क बेमध्ये काही डॉल्फिन मासा मोठ्या रिकाम्या शंखात पिटाळतात, शंख पृष्ठभागावर आणून हलवतात आणि मासा तोंडात पाडून घेतात. ही युक्ती मुख्यतः सोबत्यांकडून पसरते, असं सोन्या वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं. आणखी एक उदाहरण अ‍ॅडलेडचं. १९८८ मध्ये बिली नावाची एक रानटी मादी उपचारांसाठी काही आठवडे डॉल्फिनालयात ठेवली होती. शेजारचे डॉल्फिन खेळात शेपटीवर उभं राहून चालायचे, तिला कुणी ते शिकवलं नव्हतं. समुद्रात सोडल्यावर ती शेपटीवर चालू लागली. मग तिथले इतरही चालू लागले! त्यातून मासा मिळत नव्हता, कुणी बक्षीस देत नव्हतं. काही वर्षं ही लाट टिकली आणि मग ओसरली. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट आहे.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात डॉल्फिन आणून सोडले तर पर्यटन वाढेल. ते जगतील का? (करमाळा तालुका)

नाही, आणि तसा विचारही करू नये. आपल्या देशातला गोड्या पाण्याचा डॉल्फिन गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. सिंधूच्या जातीचे मोजके बियास नदीत आहेत. भीमेत तो कधीच नव्हता. २००९ मध्ये गंगेच्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवलं गेलं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत दोन्ही जाती मिळून ६,३२७ डॉल्फिन मोजले गेले. एवढ्या मोठ्या खोऱ्यांत एवढेच. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं, गढूळ पाण्यात सगळा कारभार क्लिकवर चालतो. उजनीला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते बघायला लोकांना बोलवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. एआय वापरून डॉल्फिनची भाषा मोबाईलवर मराठीत ऐकू येईल, असा व्हिडिओ पाहिला. किती खरं? (जुळे सोलापूर)

मूळ बातमी खरी आहे, व्हिडिओ पुढे धावला आहे. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने 'डॉल्फिनजेमा' नावाचं मॉडेल जाहीर केलं. बहामाजवळच्या ठिपकेवाल्या डॉल्फिनचा डेनिस हर्झिंग १९८५ पासून अभ्यास करत आहेत. त्यांच्या ध्वनिमुद्रणांवर हे मॉडेल तयार केलं आहे. तुम्ही टाइप करताना फोन पुढचा शब्द सुचवतो तसं ते पुढचा आवाज कोणता असेल याचा अंदाज बांधतं. अंदाज बांधणं म्हणजे अर्थ कळणं नाही. ज्या आवाजांना अर्थ लावता आला तो लागला कसा? कोण कुणाची आई, त्या वेळी भांडण चालू होतं की शिकार, याच्या चाळीस वर्षांच्या नोंदींमुळे. त्या वह्या नसत्या तर मॉडेलला आवाजाचा नुसता ढीगच मिळाला असता.

मग डॉल्फिनला भाषा आहे का? आपल्यासारखी भाषा असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. पण वाक्याची रचना ते समजू शकतात. होनोलुलूला लुई हर्मन यांनी अकेआकामाई या मादीला हातवाऱ्यांची एक भाषा शिकवली होती, त्यावरचं मोठं काम १९८४ मध्ये आलं. मराठीत "रामाने रावणाला मारलं" म्हणा की "रावणाला रामाने मारलं", मरणारा रावणच, कारण प्रत्यय काम करतात. त्या हातवाऱ्यांत प्रत्यय नव्हते, नुसता क्रम होता. चेंडू रिंगकडे न्यायचा की रिंग चेंडूकडे, हे अकेआकामाई क्रमावरून ओळखायची. हौदात नसलेल्या वस्तूबद्दल विचारलं तर 'नाही'चं फळकूट दाबायची. नसलेल्या वस्तूबद्दल "नाही" सांगायचं तर ती वस्तू मनात असावी लागते. मला हे वाक्यरचनेपेक्षाही मोठं वाटतं.

प्रश्न : परदेश सहलीच्या पॅकेजमध्ये डॉल्फिन शो आहे. मुलांना दाखवावा का? (नवी पेठ)

मी दाखवणार नाही. वर सांगितलेलं बरंच ज्ञान हौदातल्या डॉल्फिनकडूनच मिळालं, हे मी नाकारत नाही. १९६०च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर यांनी फक्त नवी हालचाल केली तरच बक्षीस द्यायचं ठरवलं आणि डॉल्फिननी कुणी न शिकवलेल्या उड्या शोधून काढल्या. पण जो प्राणी आवाजाने बघतो आणि वीस वर्षांनी मैत्रिणीची शीळ ओळखतो, त्याला तिकिटासाठी चार भिंतींत ठेवणं मला पटत नाही. आपल्या सरकारने मे २०१३ मध्ये देशात डॉल्फिनालयांना मनाई केली. ते योग्यच झालं.

प्रश्न : नाताळात आम्ही तीन कुटुंबं मालवणला जात आहोत. डॉल्फिन बघताना काय पाळावं? (सात रस्ता)

बोट ठरवतानाच मामांना सांगा, "पाठलाग नको, लांबून दिसले तरी चालतील." पाठलाग करणाऱ्या बोटीला जास्त पैसे मिळतात म्हणून तो होतो. तुम्ही नको म्हटलंत की तो थांबतो. डॉल्फिनच्या वाटेत आडवी बोट घालू देऊ नका. तीन-चार बोटी आधीच घेरून उभ्या असतील तर तुमची मागे घ्यायला सांगा. खायला काही टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिनला सर्वांत वरचं संरक्षण आहे, आणि हम्पबॅक डॉल्फिन जगभरात धोक्यात आलेल्यांपैकी आहे.

मुख्य म्हणजे इंजिन. आपल्याला ते नुसतं कटकटीचं वाटतं. पाण्याखाली मात्र त्या घरघरीत आईची शीळ पिल्लापर्यंत पोचेनाशी होते. डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करायला सांगा आणि मुलांना पाच मिनिटं गप्प बसवा. शिळा आणि क्लिक वर ऐकू येणार नाहीत, श्वास मात्र ऐकू येतो. आधी मोठा 'फुस्स', आणि पाठोपाठ अगदी लगटून एक छोटा 'फुस्' आला, तर ती आई आणि पिल्लू.