फ्लुओरेसीन विहिरीच्या पाण्यात चमकत नाही, सल्फोनेशन करू का?

रिसॉर्सिनॉल आणि थॅलिक अनहायड्राइडपासून फ्लुओरेसीन, म्हणजे हिरवा चमकणारा डाय, केलंस, केशरी पावडर पण छान आली, फक्त ती पाण्यात तळाशी बसते आणि जी काय थोडी विरघळते ती घरच्या विहिरीच्या पाण्यात मंदच दिसते, म्हणून आता सल्फोनेशन करायचं, म्हणजे रेणूला सल्फो ग्रुप जोडायचा म्हणतोयस. थांब जरा, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

विरघळण्याचं सोपं आहे. तुझ्याकडे आहे तो फ्री अ‍ॅसिड, त्याचं सॉल्ट कर. ३.३२ ग्रॅमला ०.८० ग्रॅम कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) पाण्यात घेऊन ढवळ, गाळ, वॉटर बाथवर सुकव, झालं डायसोडियम सॉल्ट, बाजारात त्यालाच युरेनिन म्हणतात. १८७७ साली डॅन्यूबचं जमिनीत मुरणारं पाणी कुठे निघतं ते बघायला हाच डाय ओतला होता, आणि तो जर्मनीतल्या आखच्या झऱ्यात निघाला.

चमक मात्र पीएचवर आहे. फ्लुओरेसीनचा पीकेए ६.४ च्या आसपास, म्हणजे पीएच त्याच्या खाली गेला की कमी चमकणारं आम्लरूप वाढतं, आणि आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी आंबटाकडेच झुकलेलं असतं, मग डाय विरघळला तरी त्यातला बराचसा भाग कमी चमकणाऱ्या रूपात जातो. तोच डाय मिऱ्याच्या समुद्राच्या पाण्यात टाकून बघ, पीएच ८ च्या वर, मस्त हिरवा दिसेल. (टॉनिक वॉटरमधल्या क्विनीनचं नेमकं उलटं, त्याला आम्ल लागतं आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याची चमक मारतं.)

आता सल्फोनेशन. सल्फो ग्रुप लागला की आम्लातही डाय विरघळेल हे खरं, पण पीएचप्रमाणे प्रोटॉन घेणारा-सोडणारा फिनॉलचा ओएच तिथेच राहणार ना, म्हणजे चमक तशीच पडणार! शिवाय त्याला लागणारं ओलियम (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेलं सल्फ्युरिक आम्ल) हे कॉलेजच्या लॅबचं काम नाहीच, त्यातून पावसाळ्यातली आपली हवा, बाटली उघडली की धूर. आम्ही लोट्याच्या कारखान्यात सल्फोनेशन करतो ते जॅकेटेड रिअ‍ॅक्टरमध्ये, मग उरलेलं आम्ल चुन्याने मारायचं, जिप्सम गाळून काढायचा, सोडियम सॉल्ट करून घ्यायचं आणि शेवटी मीठ घालून डाय खाली पाडायचा, एवढा व्याप. विहिरीतच चमक हवी तर सरळ सल्फोर्‍होडामिन बी विकत घे, त्यात तो ओएचच नाही त्यामुळे पीएचचा फारसा फरक पडत नाही.

आणि बघताना पातळ करून बघ, लिटरला एखादा मिलिग्रॅम पुरे, घट्ट सोल्यूशन स्वतःचाच प्रकाश खातं. बाटली उन्हात ठेवू नकोस, युरेनिनचा रंग लगेच उडतो.