सॅन फ्रान्सिस्को उपसागर पाहायचा तर पुलाच्या उत्तरेकडून

सप्टेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन बे एरियात, म्हणजे या उपसागराभोवतीच्या प्रदेशात, येत असताना, दुकाने आणि गर्दी टाळून, उपसागराकाठची कोणती निसर्गरम्य सार्वजनिक ठिकाणे दोन दिवसांत पाहावीत, असे आपण विचारले आहे. या भागात राहणारा म्हणून माझे मत असे, की सुरुवात शहरात न करता गोल्डन गेट पूल ओलांडून मरीन हेडलँड्सच्या टेकड्यांवर करावी.

तेथील हॉक हिलच्या माथ्याजवळ मोटारीने जाता येते. तेथून पुलाचे दोन्ही मनोरे, त्यांच्यामधला १२८० मीटरचा मुख्य गाळा, पलीकडचे शहर आणि उपसागरातील बेटे एकाच नजरेत येतात, तर पाठीमागे थेट प्रशांत महासागर असतो. आपला महिनाही उत्तम आहे. जून ते ऑगस्ट या काळात बरेचदा धुक्यामुळे पूल दिसतच नाही, त्याचा भोंगा तेवढा ऐकू येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश बहुधा निवळते आणि स्थलांतर करणारे ससाणे व इतर शिकारी पक्षी याच टेकडीवरून जाताना दिसतात. पुढे पॉइंट बोनिटा येथे १८५५ सालचे दीपगृह आहे. ते ठरावीक दिवशीच उघडे असते आणि वाटेत तीव्र उतार, बोगदा व झुलता पूल लागतो, त्यामुळे आईवडिलांचे गुडघे विचारात घेऊनच तेथे जाण्याचे ठरवावे.

महानगराला खेटून एवढी जमीन मोकळी कशी राहिली, हे मला त्या देखाव्याइतकेच महत्त्वाचे वाटते. पुलाखालच्या, उपसागराच्या मुखाशी असलेल्या सामुद्रधुनीच्या संरक्षणासाठी लष्कराने दोन्ही काठांवर तोफांच्या जागा राखल्यामुळे तेथे वस्ती वाढली नाही. १९६०च्या दशकात मात्र याच टेकड्यांमध्ये सुमारे ३०,००० लोकवस्तीचे मारिनसेलो नावाचे नगर वसवण्याची योजना पुढे आली. स्थानिक नागरिकांनी ती न्यायालयात लढवून रोखली आणि १९७२ साली गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र कायद्याने अस्तित्वात आले. खुद्द उपसागरही भराव टाकून आक्रसत चालला होता. त्याविरुद्ध १९६१ साली बर्कली परिसरातील तीन महिलांनी चळवळ उभी केली, म्हणून आज काठाने चालायला पाणी उरले आहे.

शहराच्या बाजूला क्रिसी फील्डची सपाट पायवाट ज्येष्ठांना सोयीची आहे. जुन्या लष्करी धावपट्टीच्या परिसरात तेथे खाजण पुन्हा निर्माण केले आहे. तेथून थेट पुलाखालच्या फोर्ट पॉइंटपर्यंत जाता येते. विटांचा हा किल्ला वाचावा म्हणून पुलाच्या रचनेत त्याच्यावरून एक स्वतंत्र पोलादी कमान घेतली आहे.

बेटांपैकी एकच निवडायचे असेल, तर मी अल्काट्राझऐवजी एंजल बेट सुचवेन. अल्काट्राझचा तुरुंग (१९३४ ते १९६३) प्रसिद्ध आहे खरा, पण १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावरील स्थलांतरितांच्या तपासणी स्थानकात आशियातून येणाऱ्यांना, त्यांत भारतीयांनाही, अडवून ठेवले जाई आणि चिनी स्थलांतरितांनी भिंतींवर कोरलेल्या कविता आजही तेथे वाचता येतात. शिवाय बेटावरून चहूबाजूंचा उपसागर दिसतो. तरीही अल्काट्राझच हवे असेल, तर तिकिटे बरीच आधी काढावीत.

१९०८ पासून संरक्षित असलेले पुलाच्या उत्तरेकडील म्यूर वुड्स या अरण्यातले रेडवुड नावाचे उत्तुंग वृक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावेत. तेथे वाहनतळाचे आरक्षण आधीच करावे लागते आणि मोबाइलला नेटवर्क मिळत नाही, म्हणून आरक्षणाची प्रत निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्यावी.