नेटवर्कवर 'अवलंबून' की नेटवर्क 'बघून'?

प्रश्न असा आलाय की लिनक्सच्या नोट्स मराठीत लिहितोय, 'सर्व्हिस डिपेन्डन्सी'ला 'सेवा अवलंबित्व' चालेल का, आणि एखादी सर्व्हिस (म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) घरच्या वायफायवर सुरू व्हावी पण ऑफिसात होऊ नये, हे 'अवलंबून'मध्ये बसतं का.

शब्द चुकीचा नाही, उलट फारच नेमका आहे. अव म्हणजे खाली, लंब म्हणजे लोंबणं, आणि इंग्रजी डिपेन्डच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थही खाली लोंबणं असाच. याच लंबाचे प्रलंबित आणि विलंब, म्हणजे बूट होताना रखडलं की तिन्ही भावंडं एकत्र भेटतात!

पण बोलताना आपण एकाच 'अवलंबून'मध्ये काय काय कोंबतो बघा, आणि सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा कारभारी, मात्र ते सगळं वेगळं ठेवतं. दोन सर्व्हिस धरा, 'मी' आणि 'तो'. 'आफ्टर' म्हणजे नुसता क्रम, दोघं सुरू व्हायचे असतील तर आधी तो मग मी, तो यायलाच हवा असं काही नाही. 'रिक्वायर्स' म्हणजे त्याच्यावाचून अडतं, पण यात क्रम नसतो हं, सोबत आफ्टर लिहिलं नाही तर दोघं एकदमच सुटतात, इथे भले भले फसतात. 'वॉन्ट्स' म्हणजे आला तर बरं, नाही आला तर आपण आपलं जेवायला बसू. आणि 'बाइंड्स टू'मध्ये तो मधेच बंद पडला तर मीही बंद, खरं लोंबणं म्हणाल तर हे.

माझंच सांगतो. अंबडच्या ऑफिसातल्या सर्व्हरचा फोल्डर बूटलाच जोडायचा म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला काय काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, टाकून ठेवला होता, आणि एकदा पंचवटी एक्सप्रेसमध्ये लॅपटॉप उघडला तर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि ते लाल चांदण्यांचं इकडून तिकडे पळणं, लॉगिन काही येईना, शेजारचे काका विचारतात हॅक झालं का. शेवटी त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द घातला, म्हणजे 'त्याच्यावाचून अडतं'चं 'आला तर बरं' केलं, सुटलो.

आता घर की ऑफिस, हा प्रकार यातल्या कशातच बसत नाही. आमच्या नाशकात पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गंगेवरचे, म्हणजे गोदाकाठचे, दुकानदार काय करतात, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठवर चढलंय त्यावरून माल हलवायचा की थांबायचं ते ठरवतात. त्यांचं दुकान मारुतीवर अवलंबून आहे असं कोणी म्हणेल का? ते मारुती बघून ठरवतात. लिनक्समध्येही तसंच, सिस्टमडीच्या नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट या टप्प्याला नेट आलं एवढंच कळतं, कुठलं आलं ते नाही. ते बघायला नेटवर्कमॅनेजरच्या, म्हणजे वायफाय वगैरे जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, डिस्पॅचर फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची, कनेक्शन जोडलं किंवा तुटलं की तिला इंटरफेसचं आणि कनेक्शनचं नाव मिळतं, मग ती ठरवते सर्व्हिस चालू करायची की बंद. नाहीतर सर्व्हिसच्या फाइलमध्येच 'एक्झेक-कंडिशन' लिहा, तिथली तपासणी नाही म्हणाली तर सर्व्हिस फेल न होता नुसती वगळली जाते.

म्हणून मथळ्यात 'डिपेन्डन्सी'च राहू द्या, 'सेवा अवलंबित्व' वाचून मला तरी वृद्धाश्रमाचं परिपत्रक आठवतं. आत वाक्यात मात्र क्रियापदं वापरा: ही सर्व्हिस नेटवर्कच्या मागून येते, ती नेटवर्कवाचून अडते, आणि तुमची ती घरचं वायफाय बघून सुरू होते.